दूध नव्हतं तेव्हाचं विरजण

शांताने पिशवी खांद्यावरून काढून पोटाशी धरली आणि मगच जिना चढायला सुरुवात केली. पिशवीत अकरा बायकांच्या आठवणी होत्या. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर निळ्या शाईने नाव, खोलीचा क्रमांक, तारीख आणि वेळ. रस्त्याच्या पलीकडे पानवाल्याकडे चौकटीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. तो तिच्याबरोबर ट्राममधून उतरला, की आधीपासूनच तिथे होता, हे तिला आठवत नव्हतं. चार वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलेल्या मुलीला न पाहिलेली गोष्ट पाहिली असं म्हणता येत नाही. पण पाय मात्र दर पायरीला घाई करत होते.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुशाबा स्टुलावर बसून पेपर वाचत होता. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून तो दुपारभर तिथेच असे.

"काय बाई, आज वही बाहेर नाय? आमच्या बायकांच्या गोष्टी संपल्या?"

"संपल्या, कुशाबा."

"मग आता माझ्या लिवा. मी बायकांपेक्षा कमी बोलतो."

"तोंड बघा!" आतून त्याची बायको म्हणाली. शांता हसली. पण पिशवीवरची पकड तिने सैल केली नाही.

सतरा नंबरचं दार उघडंच होतं. सुंदराबाई पहिल्या पाळीहून नुकती आली होती. केसांत अजून कापसाचे तंतू होते. भिंतीला टेकून ती सुके बोंबील निवडत होती. पन्नाशीची, काटक, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, ती चाळीतल्या सगळ्या बायकांहून जुनी होती.

"बस गो बाय. चहा टाकते."

शांता बसली नाही. तिने दार लोटलं आणि कडी घातली. सुंदराबाईचा हात बोंबलावरच थांबला. दिवसा कडी लावायची रीत चाळीत नव्हती.

"काय झालं?"

"सुंदराबाई, माझ्याकडून एक चूक झालीय."

---

शांता समाजकार्याच्या संस्थेत दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या प्रबंधाचा विषय तिनेच निवडला होता. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार असं रेडिओवर जाहीर झालं, शहर पेटलं, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. त्या आठवड्यात या चाळीतल्या बायकांनी तान्ह्या मुलांची, आजाऱ्यांची, अडकून पडलेल्यांची व्यवस्था केली होती. कुठल्याही संस्थेच्या मदतीशिवाय. ती कोणी उभी केली? पुढारीपण कसं जन्माला येतं? पुस्तकात उत्तर नव्हतं. बायकांच्या तोंडूनच ते मिळेल असं तिला वाटलं. तीन महिने ती दर शनिवारी आली, आणि एकीचं दुसरीला सांगणार नाही असं प्रत्येकीला वचन दिलं.

सुरुवातीला ती विचारायची, पुढाकार कोणी घेतला? जी ती म्हणायची, सगळ्यांनी मिळून. सुंदराबाई तर म्हणाली होती, "मी झोपले होते बाय. त्या दिवसांत अंगात ताप होता." मग शांताने तो प्रश्न सोडून दिला आणि बारीकसारीक विचारायला लागली. तुमच्या दाराशी कोण आलं? किती वाजता? काय मागितलं? मिळालेली उत्तरं तिने एका मोठ्या कागदावर मांडली. प्रत्येक खोलीला एक वर्तुळ. नावांऐवजी अक्षरं. कोण कोणाकडे गेलं त्याचे बाण. कोणतं अक्षर म्हणजे कोण, ती यादी वेगळ्या कागदावर.

"आणि सगळे बाण," ती आता सुंदराबाईला सांगत होती, "मागे मागे जात एका वर्तुळापाशी येतात."

सुंदराबाईने बोंबील परातीत ठेवला.

"पुढाकार घेणारी म्हणून कोणीच तुमचं नाव सांगितलं नाही. खरंच कोणी नाही. पण दूध तीन दिवस आलं नव्हतं, हे सगळ्याच जणी सांगतात. आणि त्याच तीन दिवसांत नऊ जणींच्या दाराशी कोणीतरी विरजण मागायला येतं. दूध नाही, तर विरजण कशाला?"

शेगडीतला कोळसा तडतडला.

"एवढं आमच्या ध्यानात आलं नाय," सुंदराबाई म्हणाली. "दारात उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं. विरजण तोंडात आलं. मीठ म्हटलं असतं तर?"

"तर मला कळलं नसतं."

खरी गोष्ट शांताला एव्हाना माहीत होती. लवूच्या मांडीत गोळी होती. लवू म्हणजे याच मजल्यावरच्या चंपाचा नवरा, दोन मुलींचा बाप. एक पोलीस चौकी जाळल्याच्या खटल्यात पोलीस त्याला अजून शोधत होते. चार दिवस त्याला या खोलीतून त्या खोलीत हलवलं होतं, आणि विरजण मागायला आलेली बाई प्रत्येक दाराशी हळूच सांगून जाई की कडी काढून ठेव. नायगावच्या बीडीडी चाळीतला कोंडीराम, इस्पितळातला वॉर्डबॉय, कर्फ्यूतून येऊन पट्टी बदलून जायचा. कोणत्याही एका बाईने यातलं सगळं सांगितलं नव्हतं. प्रत्येकीने तिला निरुपद्रवी वाटलेला एकेक तुकडा दिला होता. तुकडे शांताने जोडले होते.

"मग चूक कुठली?"

"आज सकाळी माझ्या प्रबंधाच्या सरांनी ती आकृती एका पाहुण्याला दाखवली. सचिवालयातले आहेत. फार खूश झाले. म्हणाले, पुढारी असाच शोधायचा असतो. मग विचारलं, हा 'च' म्हणजे कोण?"

"च कोण?"

"तुम्ही."

सुंदराबाईने पदराने हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"तू काय म्हणालीस?"

"यादी घरी राहिली, असं मी म्हणाले. ते म्हणाले, सोमवारी आणा, मी चहाला येतो. आवाज चढवला नाही, काही नाही. आकृती घडी करून खिशात घातली आणि गेले." शांताने पिशवी खाली ठेवली. "यादी घरी नव्हती. इथेच, या पिशवीत होती. हे कागद आणि ती यादी नसेल तर त्या आकृतीत नुसती अक्षरं आहेत. लालबागची चाळ एवढंच सरांना माहीत आहे."

"लालबागला चाळी काय कमी हायत?"

"पण पाहुणे हुशार आहेत."

सुंदराबाई उठली. तिने शेगडी दारापासून आत ओढली, फुंकणीने दोनदा फुंकलं आणि जाळीवर मूठभर बोंबील पसरले. वास क्षणात खोलीभर झाला.

"कागद जळला की वास येतो," ती म्हणाली. "बोंबलापुढे कोणाला कळणार नाय. काढ ते."

शांताने गठ्ठा काढला. यादी सगळ्यात वर होती. ती आधी गेली. मग तिने पहिल्या आठवणीचे कागद पुढे केले. सुंदराबाईने तिचं मनगट धरलं.

"आधी वाच."

"मी वचन दिलंय. एकीचं दुसरीला..."

"उद्या पोलीस आले तर कोणाला काय म्हायत हाय ते मला नको कळायला? वाच. हळू वाच."

शांता वाचू लागली. शेवंतीची आठवण, घोंगडी कोणाची होती ती. वाचून झालं की सुंदराबाई मान हलवी आणि कागद निखाऱ्यावर ठेवी. कागद काळा पडत गुंडाळला जाई. शाईच्या ओळी क्षणभर राखेवर चांदीसारख्या दिसत. लक्ष्मीची. चंपाची, जिच्यात नवऱ्याबद्दल तो गोळीबाराआधीच्या दिवाळीपासून गावी आहे एवढंच होतं.

"लवू कुठे आहे ते मला सांगू नका," शांता म्हणाली.

"मी कुठे सांगतेय?"

प्रयोगशाळेत शांताला शिकवलं होतं की चुकलेला आकडाही खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे. ती पुढचा कागद देत होती आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवत होती.

सहावी आठवण चालू असताना गॅलरीत पावलं वाजली. चपला नव्हत्या, बूट होते. शांताचा आवाज मध्येच तुटला. पावलं दारापाशी आली. सुंदराबाईने उरलेले कागद परातीखाली सारले आणि बोंबील निवडायला बसली. दार वाजलं.

"सुंदरामावशी! बोंबील जळले गो! अख्खी चाळ जेवायला येतेय!"

आवाज रघूचा होता, शेजारच्या खोलीतला ट्राम कंडक्टर. ड्युटीवरून आला होता.

"तुझी बायको करते त्यापेक्षा बरे जळतायत," सुंदराबाईने आतून उत्तर दिलं. "जा, हातपाय धू."

तो हसत पुढे गेला. सुंदराबाईने दाराची कडी दोनदा ओढून पाहिली आणि मगच परात उचलली. शांताने ते पाहिलं. तीन महिन्यांत तिने या बाईला घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि आता तिला स्वतःची भीती दुप्पट वाटली.

शेवटी एकच आठवण राहिली. शांताने ती मांडीवर पालथी ठेवली.

"ही नको वाचायला. तशीच टाकते."

"कोणाची?"

"नऊ नंबर."

"राधाबाई?" सुंदराबाईचा चेहरा बंद झाला. "तिच्याकडे पण गेली होतीस तू?"

"तुमच्या मजल्यावर राहतात म्हणून गेले. त्यांच्या वर्तुळाला एकही बाण नव्हता. ना येणारा, ना जाणारा. मला वाटलं, अशी खोलीही नोंदायला हवी."

"कसा असेल? तिचा दीर पोलिसात. तिच्याकडे कोण निरोप धाडणार? पण त्या दुपारी जिन्यावर बूट वाजले आणि आमच्या हातात लवू. जवळचं दार तिचं. मी ठोठावलं. तिने फट केली, माझ्याकडे बघितलं, लवूकडे बघितलं, आणि दार लावलं. कडी घातली. मी ऐकली ती कडी. तसाच ओढत पुढच्या खोलीत नेला त्याला. दुसऱ्या दिवशी चाळीची झडती." तिने हात पुढे केला. "वाच. काय सांगितलंन ते कळू दे."

"तुम्हाला सांगू नका असं त्या म्हणाल्या होत्या."

"म्हणूनच वाच."

शांताने कागद उलटा केला. नाव, खोली, तारीख आणि वेळ तिने सोडून दिली.

"कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझा दीर आला. नायगावच्या पोलीस लाइनीत हवालदार आहे. दोन दिवस पोटात काही नव्हतं त्याच्या. मी भात वाढला. तो जेवत असताना दार वाजलं. मी फट करून बघितलं. सुंदराबाई आणि शेवंती कोणालातरी घोंगडीत धरून उभ्या होत्या. रक्त गळत होतं. मी दार लावलं. दीर म्हणाला, कोण? मी म्हटलं, शेजारीण. मग माझ्या ध्यानात आलं की बाहेर उंबऱ्यावर थेंब पडले असणार. तो जेवून उठला की दिसणार, आणि थेंब पुढे कुठे जातात ते बघणार. मी विळी घेऊन कांदा चिरायला बसले होते. डावा तळवा पात्यावरून ओढला. मग ओरडत दार उघडलं आणि हात उंबऱ्यावर झटकला. गॅलरीत दहा पावलं तशीच गेले. त्याने स्वतःचा रुमाल बांधला. म्हणाला, वहिनी, जपून."

शांता थांबली. सुंदराबाईची नजर शेगडीवर होती.

"आणखी हाय?"

"थोडं." तिने वाचलं. "सुंदराबाईला हे सांगू नका. सांगायचं असतं तर मीच गेले असते. गोळीबाराच्या दिवसांत पोलिसाला ताट वाढलं, एवढंच सगळ्या ऐकतील."

जाळीवरचे बोंबील खरंच करपले होते. कोणीच ते उचलले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी तिचा हात बांधलेला बघितला मी," सुंदराबाई म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हटलं, दार लावताना चेमटला वाटतं. हसल्या सगळ्या. तेव्हापासून तिच्याशी कोणी बोलत नाय. तिच्या पोरीच्या लग्नाला या मजल्यावरून कोण गेलं नाय. मी कोणाला सांगितलं नव्हतं हो, बोलू नका म्हणून."

शांताने कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"सांगावं लागत नाय," सुंदराबाई स्वतःशीच म्हणाली.

मग तिने कागद मागून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. "कुठे लिवलंय, हात कापला ते?" शांताने ओळ दाखवली. सुंदराबाईने तिच्यावर बोट ठेवलं आणि ओळीच्या शेवटापर्यंत नेलं.

"हा एक ठेवला तर?"

"यात तुमचं नाव आहे. शेवंतीचं आहे. आणि राधाबाईंनी पोलिसाला फसवलं ते आहे."

"म्हणजे तिची बाजू सांगणारा कागद हा एकच."

"हो."

सुंदराबाईने कागदाची एक घडी केली, मग दुसरी. वाकून तो निखाऱ्यात खोल खोचला आणि तोंडाने फुंकलं. फुंकणी तिच्या हाताशीच होती.

"सोमवारी काय सांगशील?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"पिशवी ट्राममध्ये विसरले म्हणून."

"मग पिशवी इथेच राहू दे. आणि आजच ट्रामच्या हापिसात जाऊन चौकशी कर, पिशवी सापडली का म्हणून. सोमवारी सकाळी परत जा. दोनदा गेलीस की कोणाच्यातरी लक्षात राहशील." तिने पिशवी घेऊन उलटी केली, रिकामी असल्याची खात्री केली आणि कोळशाच्या डब्यात खाली दाबली. "आणि इथे येऊ नको पुन्हा. निदान पावसाळा जाईपर्यंत."

शांताने मान हलवली. प्रबंधाचं काय, हे दोघींपैकी कोणी बोललं नाही.

---

पाचला पाणी आलं. गॅलरीच्या टोकाला, जिन्यालगत, मजल्याचा नळ होता. शांता सुंदराबाईबरोबरच बाहेर पडली. एकटी निघालेली बाई जास्त लक्षात राहते, असं सुंदराबाईचं म्हणणं होतं. नळापाशी सात-आठ बायका हंडे-कळश्या घेऊन उभ्या होत्या. सुंदराबाईला पाहून पुढच्या दोघींनी सवयीने वाट करून दिली.

"ये मावशी, लाव."

सुंदराबाई पुढे गेली नाही. रांगेच्या शेवटी, दोन हात अंतर सोडून, एक ठेंगणी बाई कळशी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती. सुंदराबाई तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि हंडा खाली ठेवला. पितळ फरशीवर वाजलं. पुढचं बोलणं थांबलं. शेवंतीने वळून पाहिलं, मग चंपाने. राधाबाई तशीच भिंतीकडे बघत राहिली. फक्त कळशीच्या काठावरची तिची बोटं आवळली.

शांताला निघायला हवं होतं. पण जिन्यातून कोणीतरी वर येत होतं. ती बाजूला झाली.

चौकटीचा शर्ट होता.

जवळून तो साधाच दिसत होता. चाळिशीचा, हातात दुमडलेलं वर्तमानपत्र. वर येऊन तो दम खायला थांबला आणि त्याने रांगेवरून सावकाश नजर फिरवली. एकेक चेहरा. "शामराव चव्हाण इथेच राहतात का?" त्याने विचारलं. पण नजर उत्तराची वाट पाहत नव्हती. ती रांगेच्या शेवटी पोचली होती.

तेव्हा शांताला दिसलं. सुंदराबाईच्या उघड्या कपाळावर, केसांच्या कडेला, जळलेल्या कागदाची राख चिकटली होती. पातळ, काळी, नखाएवढी पापडी. तिच्यावर चांदीसारखी एक ओळ अजून दिसत होती. त्या माणसासमोर शांताला ते सांगता येईना. सुंदराबाईला तर माहीतच नव्हतं.

राधाबाई वळली. तिने आधी माणसाकडे पाहिलं, मग सुंदराबाईच्या कपाळाकडे. कळशी खाली ठेवली, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि पुढे येऊन सुंदराबाईचं कपाळ खसाखसा पुसलं. दोनदा, जोर लावून.

"किती वेळा सांगितलं तुला, शेगडी फुंकताना तोंड लांब ठेव म्हणून!" ती मोठ्याने, वैतागून म्हणाली. रोज सांगून कंटाळल्यासारखी. "थोरली झालीस तरी अक्कल नाय. बघ, सगळी काजळी फासून घेतलीस."

मग चंपा म्हणाली, "शामराव का? दुसऱ्या मजल्यावर. उजवीकडे तिसरं दार."

माणूस क्षणभर घुटमळला. "बरं," म्हणाला, आणि खाली उतरू लागला.

त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत राधाबाईचा हात सुंदराबाईच्या कपाळावरच होता. सुंदराबाईने मान आणखी थोडी पुढे केली.

"नीट पूस," ती हळूच म्हणाली. "राहिलंय अजून."